तिसऱ्या हाकेला ओ

हमीदा, तुला मी मारलं असं लोक म्हणतात.

तोंडावर कोणी म्हणत नाही. इथे कतारात, आपल्या अल नस्र वस्तीत, अशा बोलण्यासाठी जिना आहे. तुझ्या घरच्यांना भेटून खाली उतरत होते, सबनीस वहिनी माझ्या पुढे चार पायऱ्यांवर आणि त्यांच्याबरोबर तुझ्या शेजारची मल्याळी बाई. वहिनी म्हणाल्या, "हृदयाचं दुखणं असलेल्या बाईला डोंगरावर चढवलं. आणखी काय होणार?" शेजारणीला मराठीचा एक शब्द कळत नाही. तेव्हा ते मराठी कुणासाठी होतं हे उघड आहे.

मी जिन्यातच विचारलं, "वहिनी, परवापर्यंत तुम्ही त्याला उंचवटा म्हणत होता. हमीदा गेल्यावर त्याचा डोंगर झाला का?"

वहिनींनी रुमाल काढला. मी बाजूने उतरून गेले.

तू हे ऐकायला हवं होतंस. तीन हिवाळे तू घसा कोरडा केलास की हा डोंगर आहे, अरब त्याला जबल म्हणतात, जबल म्हणजे डोंगर, खलास. आणि मी वाईकडची, मी म्हणायची की असल्या उंचीला आमच्याकडे बांध म्हणतात आणि त्यावर बसून भाकरी खातात. आता आपली सगळी मंडळी त्याला एकमुखाने डोंगर म्हणते. जिंकलीस. एवढी किंमत देऊन जिंकायची काही गरज नव्हती.

एकदा सरळ सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. आपण वर गेलो तो शुक्रवार. तू गेलीस तो त्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार. मधल्या दिवसांत तू रोज दोन मजले चढलीस-उतरलीस, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कोळ्यांचे पोशाख शिवलेस, आणि नवऱ्याशी, बशीरभाईंशी, भांडून घरातला फ्रीज बदलायला लावलास. तुला जिन्याने मारलं किंवा फ्रीजने मारलं असं कोणी म्हणत नाही. आणि डॉक्टरसमोर तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी बसले होते. लहानपणच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्या, हे त्यांनी सांगितलं. चालू का, हे तू विचारलंस. चाला, दम लागला की थांबा, म्हणाले. चढ चालेल का, हे मी विचारलं. दम लागला की थांबा, असं परत तेच म्हणाले. तू थांबायचीस. दर थोड्या वेळाने तुझी उंट हाकायची काठी जमिनीत रोवून राणीसारखी उभी राहायचीस आणि आम्ही सगळे थांबायचो.

म्हणून मी कुणाची माफी मागणार नाही. तुझीही नाही.

मुळात चढ हवा होता तो तुला. मला नाही. मी बरी होते कोर्निशवर. संध्याकाळी बसगाड्यांचा हिशेब संपला की बूट घालायचे, समुद्राच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, घरी यायचं. आपली ओळख होऊन तेव्हा वर्ष झालं असेल. तू घरी गणवेश शिवायचीस आणि मी शाळेच्या बसगाड्या सांभाळायची, त्यामुळे प्रत्येक पोराच्या पँटची उंची तुला ठाऊक आणि प्रत्येकाचा थांबा मला. तू माझ्याबरोबर कोर्निशवर येऊ लागलीस आणि महिन्याभरात कंटाळलीस.

"ह्याला चालणं म्हणतात काय गो? ही तर येरझारा. आमच्या गावात बंदरावरनं घरात यायचं तर पाखाडी चढून यावं लागतं. डोक्यावर मासळीची पाटी. चढ नाय तर चालणं कसलं?"

"कतारमध्ये चढ कुठून आणू? पुलावर नेते हवं तर."

"तू घाटी ना? घाट्यांना डोंगर शोधता येत नाय तर मग घाटी कशाला झालात?"

कोकणातली माणसं आम्हा देशावरच्यांना घाटी म्हणतात ते शिवी म्हणून. तुझ्या तोंडी ती हाक झाली होती. तीन वर्षांत तू मला विजया म्हणून किती वेळा हाक मारलीस? मला एकदाही आठवत नाही. 'घाटी', नाहीतर 'बाय'.

डोंगर शोधून दिला दत्ताने. बीडचा, पाण्याचा टँकर चालवतो, आठवडाभर त्याच रस्त्यांवर. "ताई, दुखानच्या रस्त्यानं म्होरं गेलं ना, दर्याच्या अंगाला, तिथं हायेत बगा टेकाडं. पांढरी. छत्रीवानी." आमचे हे म्हणाले, दुखानला जाल आणि दुखणं घेऊन याल. तेव्हा सगळे हसलो होतो. आता तो विनोद कुणी आठवून देत नाही, आणि मी मुद्दाम आठवून देते, कारण विनोद चांगला होता.

मग उन्हाळा सरला की दर महिन्याला एक शुक्रवार. पहाटे तुझ्या इमारतीखालच्या कॅफेटेरियात करक चहा, दत्ता कुठून तरी मिनीबस आणायचा, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत. नियम मी केले होते: पाणी आपापलं, टोपी हवी, माझ्या पुढे कोणी जायचं नाही, शिट्टी वाजली की जागेवर थांबायचं. तू पहिल्याच दिवशी सूक वाकिफच्या बाजारातून उंट हाकायची वेताची काठी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "हिच्या पुढे कोणी जाऊ नका हां. मी पाठी असेन. पाठचं माणूस हरवलं तर कोणाला कळणार?"

म्हणून पुढे मी, पाठी तू. मधे बाकीचे. तीन हिवाळे असंच.

आता त्या शुक्रवारचं. तुझ्या-माझ्यातला वाद तिथेच अडकून राहिलाय.

नोव्हेंबर संपत आला होता. गरमी गेली, थंडी अजून आली नाही, असे ते मधले दिवस. दुखान रोडवर धुकं उतरलं होतं. दत्ता खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. कच्च्या रस्त्याला लागलो तर समोर अचानक उंट, अर्धाच, पाय दिसेनात. बशीरभाई पुढच्या सीटवर होते. ते कधीच चढले नाहीत, गाडीत पेपर वाचायचे आणि झोपायचे. ते म्हणाले, "ताई, आज राहू द्या काय?" मी म्हटलं, आठपर्यंत धुकं उठतं, पंधरा मिनिटं थांबू. थांबलो. विरळ झालं. चढलो.

निर्णय माझा होता. तसाच वारा, तसंच धुकं उद्या असलं तरी पुन्हा तोच घेईन.

घळीतून वर जायचं, मग घळीला दोन फाटे फुटतात, डावीकडचा आपला. हे सगळ्यांना माहीत होतं. तू तुझ्या सवयीने थांबत येत होतीस, तुझ्याबरोबर दत्ता आणि सबनीस वहिनी. वहिनींनी नवे बूट घातले होते आणि ते चावत होते. आम्ही माथ्यावर पोचलो आणि समुद्राकडून धुक्याचा दुसरा लोट आला. पहिल्यापेक्षा जाड. मी माणसं मोजली. तिघं कमी.

मी शिट्टी वाजवली. काही नाही.

मग हाका मारल्या. "हमीदाऽऽ!" थांबले. "दत्ताऽऽ!" थांबले. "वहिनीऽऽ!" थांबले. काही नाही. दगड पडल्याचा आवाजसुद्धा नाही. मोबाइलला तिथे रेंज नसते.

मी एकदाच हाक मारते. ही माझी कामाची सवय आहे आणि ती मी कमावलेली आहे. थांब्यावर पोराला एकदा हाक मारायची. दुसऱ्यांदा मारली की उद्यापासून सगळी पोरं दुसरीची वाट बघतात, मग तिसरीची, आणि बस शाळेत पोचते तेव्हा प्रार्थना संपलेली असते. एक हाक, एक ओ. त्यावर माझ्या सगळ्या गाड्या चालतात.

बाकीच्यांना वर बसवून ठेवलं, कोणी हलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मी खाली आले. धुक्यात तुम्ही चुकून उजव्या फाट्याला लागला असाल असं वाटलं, म्हणून तिकडे. चुनखडीचा दगड धुक्याने ओला झाला होता, त्यातले जुने शिंपले हाताला लागत होते.   मनात मी बशीरभाईंना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले होते. एवढं पुरे.

आणि त्याच वेळी तुम्ही तिघं डाव्या फाट्यात, माझ्यापासून फार तर दोन बसच्या अंतरावर, एका दगडावर मजेत बसला होता. माझी हाक तुम्हाला स्पष्ट ऐकू आली होती. सबनीस वहिनी 'ओ' म्हणायला तोंड उघडत होत्या आणि तू त्यांच्या तोंडावर हात ठेवलास.

हे मला नंतर दत्ताने सांगितलं, वहिनींनी सांगितलं, तूही सांगितलंस, आणि तिघांच्या सांगण्यात काडीचा फरक नव्हता.

"रानात एका हाकेला ओ देऊ नये," तू वहिनींना म्हणालीस. "माणूस असला तर तीनदा हाक मारतो. ते असलं तर तीनदा मारू शकत नाय."

"ते म्हणजे काय?" वहिनींनी तुझ्या हाताखालून विचारलं. त्या पुण्यात कर्वेनगरात वाढलेल्या.

"ते म्हणजे ते."

मग तुम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलात. दुसरी आली ती दत्ताच्या नावाने. दत्ताने तोंड उघडलं नाही. तिसरी आली ती वहिनींच्या नावाने. आणि दत्ता, बीडचा शहाणा, हिशेब करून म्हणाला, "हमीदाआपांना एकडाव, मला एकडाव, वैनींना एकडाव. तिघांला मिळून तीन झाल्या, पण माणशी एकच की वो. कुणी ओ द्यायची?"

तिघांनी विचार केला आणि कोणीच दिली नाही.

वर मी तुम्हाला मेलेलं धरून चालले होते आणि खाली तुम्ही माझं भूत केलं होतं. कतारच्या वाळवंटात, दोन हजार सालानंतर, शिकल्यासवरल्या माणसांनी.

शेवटी तूच म्हणालीस म्हणे, "भूत असतं तर गोड आवाजात बोलावलं असतं. ही बसमधल्या पोरांवर खेकसल्यासारखी हाक मारते. आपलीच घाटी हाय." आणि मग तू उभी राहिलीस, काठी दत्ताकडे दिलीस, दोन्ही हात तोंडाशी धरलेस आणि कुकारा घातलास. एक. दोन. तीन. तुझ्या गावात खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या होडीला बोलवायला घालतात तसा.

मी उजव्या फाट्यातून फिरले आणि सरळ तुमच्यापर्यंत आले.

पुढचा वाद तुला पाठ आहे. तू म्हणालीस, "बघितलंस? माझ्या कुकाऱ्यावर आलीस. तुझी हाक काय उपयोगाची?"

मी म्हटलं, "कुकाऱ्यावर कशाला येईन? डबा उघडा टाकलायस. सुक्या बोंबलाच्या चटणीच्या वासावर आले."

"खोटं!"

"धुक्यात वास खाली राहतो. शास्त्र आहे."

"खोटी मेली. दत्ता, ही कशावर आली?"

दत्ता घावणं खात होता. तो म्हणाला, "ताईंचा काय नेम न्हाई. वासावर बी येतील."

सबनीस वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडाला बोंबलाचा हात लागलाय." तेव्हापासून त्या तुझ्यावर रुसून होत्या, आणि तू गेलीस तेव्हाही रुसून होत्या. जिन्यात मला जे बोलल्या त्यात तो रुसवाही होता, तुझ्याशी मिटवायचा राहिलेला. हे मला काल कळलं. कसं, ते पुढे सांगते.

धुकं उठलं तेव्हा आपण सगळे माथ्यावर होतो. खाली खाडीचं पाणी, उथळ, हिरवट. पलीकडे परत पांढरी जमीन. तू बूट काढून बसलीस. तुझे ओठ जरा निळे होते, मी बघितले, तू मी बघितल्याचं बघितलंस.

"मे महिन्यात मला उघडणार," तू म्हणालीस. "शिवताना टाके कसे घालतात ते विचारून येते. जमलं तर एक गिऱ्हाईक वाढेल."

"भीती वाटते?"

"वाटते. म्हणून काय मे महिन्यापर्यंत खुर्चीत बसू? बसून झडप शिवली जाते काय गो?"

"तसं कोणी सांगितलेलं नाही."

"सगळे सांगतात. सना सांगते, मम्मी, टेक रेस्ट. हे सांगतात. भाऊ रत्नागिरीतनं फोन करून सांगतो. तूच एक नाय सांगत." मग तू माझा हात धरून हलवलास, जरा जोरात. "पण एक कर. मला हाक मारशील तेव्हा तीनदा मार. एकदा मारून चालू लागतेस. तीनदा मार. तिसरीला मी जिथे असेन तिथनं ओ देईन. कबूल?"

मी म्हटलं, "मी एकदाच मारते. तू एकदात ओ द्यायला शीक."

"घाटी ती घाटी."

तिथे तो वाद राहिला. पुढच्या फेरीत बघू, असं दोघीही समजून होतो.

मंगळवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळी बशीरभाईंचा फोन आला. मी गाड्या सोडल्या. सगळ्या, रोजच्या क्रमाने. मग तुझ्याकडे आले. मशीनवर निळं झालरीचं कापड तसंच सुईखाली होतं, सुई कापडात उतरलेली. कोणीतरी ते काढायला लागलं, मी राहू दे म्हटलं. संध्याकाळी तुला नेलं. तुमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत, आमच्याकडे स्मशानात जात नाहीत. इतकी वर्षं आपण वेगळेपणावरून एकमेकींची थट्टा केली आणि नेमक्या त्या दिवशी आपले दोघींचे रिवाज एक निघाले. मी खाली फुटपाथवर उभी होते. गाडी वळेपर्यंत.

आणि त्यानंतर सुरू झालं ते मी वर सांगितलं. जिना. मग फोन. एका घरून कळवलं की आता आमचं चालणं बंद, मुलांची परीक्षा आहे. परीक्षा मार्चमध्ये असते. दुसऱ्या घरून म्हणाले, काही दिवस नको, बरं दिसत नाही. आमचे हे म्हणाले, "या महिन्यात सोडून दे. लोक बोलतात." दत्ताने विचारलं, "ताई, गाडी सांगू का नगं?" तोही चाचरत.

मला कळत होतं काय चाललंय. मी एक शुक्रवार सोडला असता तर ते कबुली दिल्यासारखं झालं असतं. मग जन्मभर ती गोष्ट तशीच सांगितली गेली असती: एक बाई होती, तिला दुसरीने डोंगरावर नेलं, ती मेली, मग जाणं बंद झालं. तू एवढ्या वर्षांत जे काही केलंस, तुझ्या पायांनी, तुझ्या दमाने, मधे थांबून, पुन्हा चालून, त्याची एक चूक म्हणून नोंद झाली असती. माझी चूक. तुझी तर त्यात गणतीच नाही, तू नुसती नेली गेलेली बाई. हे मी होऊ देणार नव्हते. मी दत्ताला सांगितलं, गाडी सांग. कोणी आलं नाही तर तू आणि मी.

पण एका माणसाला विचारायला हवं होतं. बशीरभाई नको म्हणाले असते तर मी गेले नसते. त्यांचा तेवढा हक्क होता. गुरुवारी दुपारी गेले. ते तुझ्या मशीनजवळ बसले होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "उद्या जायचं म्हणते. तुम्हाला चालेल का?"

ते मग म्हणाले, "ती मला सांगायची, सहा दिवस माझी छाती डॉक्टरांची, शुक्रवारी माझी." मशीनवरच्या कापडाकडे बघून म्हणाले, "मी वर कधी आलो नाय, ताई. गाडीत बसलो. तिला दम लागलेला बघवायचा नाय मला. तुम्ही बघितलात."

"हो."

"मग तुम्ही थांबू नका."

मी उठले तेव्हा आतल्या खोलीच्या दारात सना उभी होती. बारावीतली पोर. तिच्याशी मी मराठीत बोलायची आणि ती मला इंग्रजीत उत्तर द्यायची, पहिल्यापासून असंच. ती म्हणाली, "फाइव्ह ओ'क्लॉक, आंटी?"

"पावणेपाच. उशीर केलास तर बस निघेल."

"आय नो," ती म्हणाली.

काल पहाटे कॅफेटेरियाशी आम्ही किती होतो ते विचारू नकोस. नेहमीच्या निम्मे. पण गाडी निघाली. सना आली ती तुझी उंटाची काठी घेऊन, आणि सरळ पाठीमागच्या सीटवर जाऊन बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बशीरभाई पुढे, पेपर घेऊन. दत्ताने गियर टाकला तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सबनीस वहिनी. पायात चपला.

"मी चढणार नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त गाडीत बसणार."

"बसा."

त्या माझ्या शेजारी बसल्या. शहर मागे पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या तोंडावर हात ठेवला होता तिने."

"माहीत आहे."

"मी बोललेच नाही त्यानंतर तिच्याशी. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून." मग नाक पुसून, "आणि तुमच्याशीही मी..."

"ते राहू द्या," मी म्हटलं. "पाणी आणलंय का?"

नव्हतं आणलं. मी माझं दिलं.

धुकं नव्हतं. आकाश पुसून ठेवल्यासारखं. मी पुढे, सना पाठी. ती दर थोड्या वेळाने थांबत होती. मी वळून बघितलं तर काठी रोवून उभी, चढाकडे बघत. सतरा वर्षांची धडधाकट पोर, तिला दम लागायचं काही कारण नव्हतं. ती तुझ्या थांबायच्या जागांवर थांबत होती.  आम्ही सगळे थांबलो, जसे तुझ्यासाठी थांबायचो.

माथ्यावर गेलो. पाणी तसंच, उथळ, हिरवट. खाली मिनीबस डबीएवढी दिसत होती आणि तिच्या सावलीत दोन माणसं खुर्च्या टाकून बसली होती. वहिनी बशीरभाईंना काहीतरी सांगत होत्या, हात स्वतःच्या तोंडावर ठेवून दाखवत. आणि बशीरभाईंचे खांदे हलत होते. हसत होते की काय, तेवढ्या लांबून कळलं नाही. हसत होते असं मी धरलंय.

मी कडेला गेले. माझी शिट्टी गळ्यात होती, ती मागे टाकली. दोन्ही हात तोंडाशी धरले, तू धरायचीस तसे.

"हमीदाऽऽ!"

थांबले. खालच्या घळीत आवाज आपटून परत आला.

"हमीदाऽऽ!"

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला दुसरी हाक मारली. तुझ्यासाठी तेवढं केलं, ते लक्षात ठेव.

मग मी हात खाली घेतले, टोपी नीट केली आणि शिट्टी पुढे ओढली. "यल्ला, खाली चला. जुम्म्याला पोचायचंय."

सना पुढे आली. काठी घट्ट धरून. "आंटी, वन मोर. मम्मी सेड थ्री."

"माहीत आहे मला तुझ्या मम्मीने काय सांगितलं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची हनुवटी तुझीच आहे, भांडायच्या आधी वर जाणारी. आणि मग ती म्हणाली, मराठीत, "का नाही?"

मी तिला म्हटलं, आता वेळ नाही, उतरताना पाय जपून टाक. तुला मात्र उत्तर देते, कारण वाद तुझ्याशी आहे.

आधी एक मिटवून टाकते. त्या दिवशी कुकारा ऐकू आला होता. पहिलाच. तो आला आणि बशीरभाईंसाठी जुळवलेली वाक्यं मी तिथेच टाकून दिली. बोंबलाचा वासही आला होता, पण नंतर. हे आता दत्ताला सांगत बसू नकोस.

आणि तिसऱ्या हाकेचं. तू म्हणाली होतीस, तिसरीला जिथे असेन तिथून ओ देईन. मी तुला ओळखते. तू कबूल केलेला एकही गणवेश एक दिवस उशिरा दिला नाहीस. तेव्हा तिसरी मारली आणि घळीतून काहीच आलं नाही, तर लोक जे जिन्यात म्हणतात ते मला मानावं लागेल, की तू नाहीस. ते मी मानायला तयार नाही. म्हणून तिसरी मी राखून ठेवलीय. पुढच्या महिन्यात दोन मारीन, त्याच्या पुढच्या महिन्यात दोन. सनाला सांगितलंय की पाठी ती, पुढे मी. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

रानात दोन हाकांना ओ द्यायची नसते. तोवर तू गप्प आहेस ती तुझ्याच नियमाने, दुसऱ्या कुणाच्या नाही.